इमारतीची निगा आणि न लिहिलेला खर्च

मोठ्या शहरातली दहा-वीस मजली इमारत आपण खालून वर पाहतो, तेव्हा नजरेत भरतात त्या काचा, सज्जे आणि गच्ची. पण इमारत उभी राहते ती भिंतींवर आणि चालते ती मात्र न दिसणाऱ्या गोष्टींवर. तळघरात पंप असतो, तो पाणी वर चढवतो. गच्चीवर टाकी असते, तिच्यातून नळ घरोघर पाणी नेतात. विजेच्या खटक्यांची एक खोली असते. वीज गेली की घरघर सुरू करणारा जनरेटर असतो. माणसांना वर-खाली नेणारी लिफ्ट असते, हवा थंड करणारी यंत्रे असतात, आग विझवण्याची नळकांडी असतात. आणि सर्वांत खाली, कुणाच्या लक्षातही येऊ नये अशा जागी, मैल्याची टाकी असते. माणसाला जसे खाणे, पिणे, श्वास घेणे आणि मलविसर्जन चुकत नाही, तसेच ते इमारतीलाही चुकत नाही.

ही सगळी यंत्रणा चालती ठेवणे हा आता एक स्वतंत्र धंदा झालेला आहे. पूर्वी वाड्याला एक विश्वासू गडी असे. गरज लागली तर गवंडी-सुतार बोलावले जात. तेवढ्यावर भागे. आज रुग्णालय, महाविद्यालय, कचेरी किंवा मोठी वसाहत यांची देखभाल एखादी कंपनी वर्षाच्या कराराने घेते. तिच्याकडे वायरमन असतात, प्लंबर असतात, पंपवाले, एसीवाले, सफाईवाले असतात. नळ गळू लागला, लिफ्ट अडली, दिवा गेला, की यांना बोलावणे जाते.

आता तुम्ही म्हणाल, “हे शहराचं प्रकरण. आम्हा खेड्यातल्या माणसांना त्याचं काय?” त्याचे उत्तर दोन प्रकारचे आहे. एक असे की, या कंपन्यांतले हात बहुतेक आपल्याच गावांतून गेलेले असतात. तालुक्याच्या आय.टी.आय.मधून वायरमन किंवा रेफ्रिजरेशन मेकॅनिक होऊन जो मुलगा पुण्या-मुंबईला जातो, तो याच धंद्यात शिरतो. दुसरे असे की, तीच यंत्रे आता गावात आली आहेत. ग्रामपंचायतीच्या कचेरीत इन्व्हर्टर आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवायचा फ्रीज आहे, दूध संघाकडे दूध थंड करण्याचे यंत्र आहे, शाळेला पंप, टाकी आणि शौचालय आहे. तेव्हा मोठ्या इमारतीची निगा राखणारे लोक परिसराचे भान कसे ठेवतात, किंवा त्यांनी ते कसे ठेवायला हवे, हे समजून घेणे आपल्याही कामाचे आहे.

मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून या प्रश्नाकडे हिशेबाच्या बाजूने पाहतो. समजा, एका इमारतीच्या देखभालीसाठी दोन कंत्राटदारांनी भाव दिले. एकाचा भाव दुसऱ्यापेक्षा बराच कमी आहे. आपण साहजिकच स्वस्त भाव घेतो. पण तो स्वस्त का? जनरेटरचे जळके तेल तो मागच्या ओढ्यात ओततो, म्हणून ते नीट पोहोचवण्याचा खर्च त्याला लागत नाही. एसीतला गॅस तो हवेत सोडतो, म्हणून तो गोळा करण्याचे यंत्र त्याने घेतलेले नाही. मैल्याची टाकी उपसायला तो यंत्राऐवजी माणूस उतरवतो. खर्च वाचला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो वाचलेला नसतो. तो फक्त बिलात लिहिलेला नसतो. तो भरतो ओढा, भरते आकाश, आणि कधी कधी एखादे घर कर्त्या माणसाच्या जिवाने भरते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली आपल्या ग्रंथात असल्या खर्चाची मीमांसा केली. व्यवहार दोघांचा आणि भुर्दंड तिसऱ्याला, असा हा प्रकार. अर्थशास्त्रात त्याला बाह्य खर्च म्हणतात. देखभालीच्या धंद्यात पर्यावरणाचे व्यवस्थापन म्हणजे दुसरे काही नाही. हा न लिहिलेला खर्च वहीत आणायचा आणि मग तो कमी करायचा.

यासाठी जगात एक पद्धत ठरलेली आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९६ साली ‘आयएसओ १४००१’ नावाचे मानक प्रथम प्रसिद्ध केले आणि २००४ व २०१५ साली ते सुधारले. नाव भारदस्त आहे, पण मर्म साधे आहे. आपल्या कामामुळे हवा, पाणी, जमीन यांवर काय काय परिणाम होतो त्याची यादी करा. कायदा काय सांगतो ते पाहा. काय कमी करायचे ते ठरवून कोणी, केव्हा, कसे करायचे ते लिहा. ठरल्याप्रमाणे करा. झाले की नाही ते तपासा. चुकले असेल तिथे सुधारा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. ठरवणे, करणे, तपासणे, सुधारणे, अशी ही चार आऱ्यांची चाके आहेत म्हणा ना. आपला वाणी रोज रात्री दिवा लावून जमाखर्च लिहितो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे पैशाबरोबर पाणी, वीज, तेल, वायू आणि कचरा यांचीही खाती उघडायची.

ही खाती आपण एकेक करून पाहू.

पहिले खाते पाण्याचे. गळका नळ आपल्या नेहमीच्या पाहण्यातला आहे. सेकंदाला एक थेंब गळतो, त्यात काय एवढे, असे आपण म्हणतो. आता हिशेब करा. दिवसाचे सेकंद ८६,४००. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले तर दिवसाला ४,३२० मिलिलिटर, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर पाणी गेले. वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक! हा एका नळाचा आणि सर्वांत सावकाश गळतीचा हिशेब. थेंबे थेंबे तळे साचते हे आपण मुलांना शिकवतो; थेंबे थेंबे ते रितेही होते, हे शिकवायचे राहून जाते.

जाणते देखभालवाले गळती शोधण्याची एक सोपी युक्ती करतात. रात्री सगळे नळ बंद झाले की पाण्याच्या मीटरचा आकडा टिपून घ्यायचा आणि पहाटे कोणी नळ सोडण्यापूर्वी पुन्हा पाहायचा. मधल्या वेळात टाकीत पाणी चढत नसेल आणि तरीही आकडा पुढे गेलेला असेल, तर भिंतीत किंवा जमिनीखाली कुठेतरी नळी फुटलेली आहे. मीटर नसेल तर टाकीतल्या पाण्याची उंची काठीने मोजूनही हे कळते. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह नीट असला पाहिजे. नाहीतर पंप चालू राहतो, टाकी वाहत राहते, आणि पाण्याबरोबर वीजही वाहून जाते. एक अश्वशक्तीचा पंप तासाला पाऊण ते एक युनिट वीज खातो.

दुसरे खाते विजेचे. इथे आपल्या नेहमीच्या समजाच्या उलटे एक उदाहरण सांगतो. न्यूयॉर्क शहरातली एम्पायर स्टेट बिल्डिंग ही १०२ मजल्यांची इमारत १९३१ साली खुली झाली. २००९ साली तिची ऊर्जा वाचवण्याचे मोठे काम हाती घेतले गेले. थंड हवा पुरवणारी यंत्रे जुनी झाली होती. सरळ विचार करणारा म्हणेल, “नवी मोठी यंत्रे आणा.” तज्ज्ञांनी तसे केले नाही. आधी उष्णता आत येते कुठून आणि बाहेर जाते कुठून हे त्यांनी पाहिले. इमारतीला ६,५१४ खिडक्या होत्या. त्या फेकून न देता इमारतीतच कारखाना थाटून त्यांनी त्या दुरुस्त केल्या. दोन काचांच्या मध्ये उष्णता अडवणारा पातळ पडदा बसवला, वायू भरला आणि जुन्याच काचा पुन्हा वापरल्या. हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवणाऱ्या उपकरणांच्या मागे उष्णता परतवणारे पत्रे लावले. एवढे केल्यावर इमारतीची थंडाव्याची गरजच कमी झाली, आणि नवी मोठी यंत्रे न घेता जुन्यांचीच डागडुजी करून भागले. ऊर्जेचा वापर सुमारे ३८ टक्क्यांनी कमी करायचा, असा या सगळ्या योजनेचा अंदाज होता.

यातला धडा आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. गाडी जड चालते म्हणून शहाणा माणूस लगेच दांडगा बैल विकत घेत नाही. तो आधी आसाला वंगण घालतो. इमारतीचेही तसेच आहे. आधी गरज कमी करावी, मग यंत्राकडे पाहावे. खोलीवर सावली धरणारे झाड, गच्चीला पांढरा चुना, धूळ काढलेला पंखा, वेळच्या वेळी धुतलेली एसीची जाळी, या गोष्टींना फार पैसा लागत नाही. जाळी धुळीने बुजली की यंत्राला हवा ओढायला कष्ट पडतात आणि ते वीज जास्त खाते. आपल्या देशात २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि त्यानुसार २००२ साली ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. यंत्रांवर तारे छापलेली पट्टी दिसते ती त्याचीच. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच २४ अंशांवर चालू व्हावा असे ठरले. एसीचे तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगतो. म्हणजे १८ अंशांवर खोली गार करून अंगावर शाल घेणारा साहेब किती वीज जाळतो, ते तुम्हीच मोजा!

तिसरे खाते वायूचे. हे खाते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. फ्रीज आणि एसी थंडावा निर्माण करत नाहीत; ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकतात. ही हमाली एक विशिष्ट वायू करतो. नळ्यांच्या बंद फेऱ्यात तो कधी द्रव होतो, कधी वायू होतो, आणि फिरत राहतो. पूर्वी यासाठी क्लोरीन व फ्लोरीन असलेले वायू वापरत. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवले की, हे वायू हळूहळू वर जाऊन ओझोनच्या थराची नासाडी करतात. सूर्याचे घातक किरण अडवणारे ते आपले छत्र. १९८५ साली दक्षिण ध्रुवावर त्या छत्राला पडलेले मोठे भोक ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले. १९८७ साली मॉन्ट्रियल येथे जगातील राष्ट्रांनी करार केला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला. मोलिना आणि रोलंड यांना क्रुट्झेन या तिसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर १९९५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ओझोनला धक्का न लावणारे वायू मग आले. पण त्यांतले पुष्कळसे पृथ्वीभोवती उष्णता कोंडून ठेवण्यात पटाईत निघाले. म्हणून २०१६ साली रवांडातील किगाली येथे त्या करारात दुरुस्ती झाली, आणि २०२१ साली भारताने तिला मान्यता दिली.

आता याचा देखभालीशी संबंध कसा तो पाहा. जुन्या एसीत ‘आर-२२’ नावाचा वायू असतो. हवेत सुटलेला एक किलो आर-२२ उष्णता कोंडण्याच्या बाबतीत सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. एक लिटर डिझेल जाळले की पावणेतीन किलोच्या आतबाहेर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे मेकॅनिकने नळी सैल करून एक किलो गॅस ‘फुस्स’ करून सोडला, तर ते साडेसहाशे लिटरहून अधिक डिझेल जाळल्यासारखे झाले. एवढ्या डिझेलवर ट्रॅक्टर किती दिवस नांगरील, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून चांगल्या कंपनीचा मेकॅनिक काय करतो? दुरुस्तीआधी तो आतला गॅस एका यंत्राने ओढून नळकांड्यात भरून घेतो. तो शुद्ध करून पुन्हा वापरता येतो. आणि गॅस कमी झाला म्हणून नुसता भरत बसत नाही. आधी गळती शोधून सांधा डाखतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा: एसी किंवा फ्रीज गॅस ‘खात’ नाही. फेरा बंद आहे. गॅस कमी झाला याचा अर्थ तो गळला. “दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो” असे जो सांगतो, तो एक तर गळती शोधत नाही, किंवा त्याला ती शोधायची नाही. नव्या काही यंत्रांत प्रोपेन किंवा आयसोब्युटेन असतो. हे वायू उष्णता फारच थोडी कोंडतात, पण ते पेट घेतात. तेव्हा अशा यंत्राला शिकलेल्या हातानेच हात लावावा. आय.टी.आय.मध्ये शिकणाऱ्या मुलाने ही विद्या नीट घेतली तर ती त्याच्या पोटाची आहे आणि जगाच्या कल्याणाचीही आहे.

चौथे खाते मागच्या दाराने बाहेर जाणाऱ्या वस्तूंचे. जनरेटरचे जळके तेल, इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी, गेलेल्या ट्यूबलाइट, फुटके पत्रे, हा सगळा माल देखभालीच्या कामात रोज निघतो. जळक्या तेलात झिजलेल्या धातूंचे बारीक कण आणि जळून तयार झालेली अपायकारक द्रव्ये असतात. खेड्यात ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, कधी नुसते जमिनीवर ओततात. ते मुरते आणि पावसाबरोबर विहिरीच्या वाटेला लागते. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ सालच्या नियमांप्रमाणे असे तेल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. बॅटरीत शिसे आणि गंधकाचे तेजाब असते. ती अंगणात फोडून शिसे वितळवणे म्हणजे घरातल्या पोरांना विष देणे होय. २०२२ च्या बॅटरीविषयक नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्यावी आणि पावती घ्यावी. जुन्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. ती फुटली तर खिडक्या उघडून मुलांना थोडा वेळ बाहेर काढावे आणि तुकडे जाड कागदाने गोळा करावेत. एल.ई.डी. दिव्यात पारा नसतो आणि वीजही कमी लागते. जुन्या शाळांवर सिमेंटचे नालीदार पत्रे असतात, त्यांत पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा धड असेपर्यंत धोका थोडा. पण तो कोरडा कापला, फोडला, की ती धूळ छातीत जाऊन बसते आणि वर्षांनी आजार उभा करते. असे पत्रे ओले करून, न फोडता, सबंध उतरवावेत, आणि तेव्हा मुले जवळ नसावीत.

पाचवे खाते मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. ते मैल्याच्या टाकीचे. इथे न लिहिलेला खर्च माणसाच्या जिवाने भरला जातो.

बंद टाकीत मैला कुजतो तेव्हा मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याची दगाबाजी अशी की, प्रमाण वाढले म्हणजे तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. आत उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, म्हणजे हवा बरी झाली. आणि दोन-चार श्वासांत तो कोसळतो. वरचा सोबती त्याला काढायला धावतो आणि तोही पडतो. भाऊ भावासाठी, मुलगा बापासाठी उडी घेतो. अशा वेळी एका टाकीतून दोन-दोन, तीन-तीन प्रेते निघतात.

आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. दिवा विझला तर उतरायचे नाही. विहिरीपुरती ती रीत शहाणपणाची होती. पण मैल्याच्या टाकीशी ती चुकूनही करू नका! तिथला मिथेन पेट घेतो आणि स्फोट होतो. टाकीच्या तोंडाशी विडीसुद्धा ओढू नये.

हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा कायदा संसदेने २०१३ साली केला. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. कायदा आहे, भरपाई आहे. तरीही माणसे मरतात. याचे कारण पुष्कळदा त्या स्वस्त भावात आहे. उपसा यंत्राच्या टँकरचे भाडे बिलात लिहावे लागते. जिवाची किंमत लिहावी लागत नाही. आणि तो जीव पिढ्यान् पिढ्या त्याच त्या जातींतल्या गरीब माणसाचा असतो, ही लाजिरवाणी गोष्ट आपण नजरेआड करता कामा नये.

तेव्हा नियम एकच: टाकी यंत्राने उपसायची, माणसाने आत उतरायचे नाही. कुणी पडलाच, तर मागे उडी घ्यायची नाही. ११२ क्रमांकावर कळवायचे आणि अग्निशमन दलाला बोलवायचे. आत जायचे ते बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि कमरेला दोर असलेल्या, शिकलेल्या माणसानेच. तोंडाला बांधलेला रुमाल या वायूंना अडवत नाही.

इथे एक इशारा देतो. कंपनीच्या भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले आहे, एवढ्याने सगळे ठीक आहे असे समजू नये. मघाशी सांगितलेले मानक इतकेच तेल, इतकाच धूर असे आकडे ठरवून देत नाही. पद्धत कशी असावी ते सांगते. पद्धत कागदावर ठेवून जुन्याच वाटेने जाणारेही असतात. म्हणून प्रमाणपत्रापेक्षा वही पाहावी. मागल्या महिन्यात किती तेल निघाले, ते कुणाला दिले, पावती कुठे आहे, गॅस किती भरला, गळती कुठे सापडली, टाकी कशाने उपसली, या प्रश्नांची उत्तरे जिथे पटकन मिळतात, तिथे काम खरे चालले आहे.

आता आपल्या गावाविषयी. शाळा, ग्रामपंचायत, पतपेढी, दूध संघ, कोणतीही संस्था देखभालीचे काम देताना नुसता भाव पाहते. त्याऐवजी तीन ओळी कराराच्या कागदात घालून घ्याव्यात. पहिली ओळ: निघालेले तेल, बॅटरी आणि विजेचे भंगार अधिकृत ठिकाणी दिल्याची पावती आणून द्यावी. दुसरी: गॅस भरण्यापूर्वी गळती दाखवावी आणि दुरुस्त करावी. तिसरी: मैल्याची टाकी फक्त यंत्राने उपसावी, माणूस उतरवल्यास करार रद्द. या तीन ओळींनी भाव थोडा वाढेल. वाढू द्यावा. जो खर्च आजवर ओढा आणि माणूस भरत होते, तो आता आपण भरतो, एवढाच त्याचा अर्थ.

शिक्षकबंधू आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेत एक वही घाला. तिला पाच रकाने पाडा: पाणी, वीज, वायू, टाकाऊ माल आणि मैल्याची टाकी. सातवी-आठवीच्या मुलांकडे आठवड्याने पाळी द्या. मुलांनी विजेच्या मीटरचा आकडा लिहावा, टाकीतल्या पाण्याची उंची मोजावी, गळके नळ मोजावेत, बॅटरी कधी घेतली ती तारीख टिपावी. मैल्याच्या टाकीच्या रकान्यात मात्र मुख्याध्यापकांनी स्वतः लिहावे. मुलांना तिच्या झाकणाजवळही जाऊ देऊ नये. गणिताचा तास या वहीवर सहज घेता येतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि पाऊस अवघा ५०० मिलिमीटर पडत असेल, तरी छपरावर ५०,००० लिटर पाणी येते. पाचवा भाग वाया गेला तरी ४०,००० लिटर हाती लागेल. मात्र त्यासाठी पन्हळी साफ असायला हव्यात, म्हणजे पुन्हा देखभालच आली! मे महिन्यात पन्हळीतला पालापाचोळा काढणारा हात नसेल, तर जूनचे पाणी भिंतीत मुरेल आणि टाकी कोरडी राहील.

अशी वही वर्षभर चालली की मुलांना एक गोष्ट न सांगता कळेल. फेकलेली वस्तू ‘जाते’ असे आपण म्हणतो, पण ती कुठेतरी पोहोचतेच. आणि जिथे पोहोचते, तिथेही कुणीतरी राहत असते. ह्यांच्यातला एखादा मुलगा पुढे शहरात मेकॅनिक होईल, एखादी मुलगी इंजिनियर होईल किंवा गावची सरपंच होऊन करारावर सही करील. सही करण्यापूर्वी तिने “यात टाकी कशाने उपसणार ते लिहिलेलं नाही” एवढे एक वाक्य विचारले, तरी शाळेतली ती वही कारणी लागली असे समजावे.